दक्सूनच्या घरचा गॅस

लसूण सोलायच्या कामाची दक्सूनला शिसारी यायची. वास बोटांत मुरला होता, पांघरुणात होता, भातातसुद्धा यायचा. वॉन्जू शहराच्या बाजारातला लसूणवाला दारात गोण्या टाकायचा आणि सोललेला लसूण तोलून पैसे द्यायचा. ते सगळे गॅसच्या थकबाकीत जायचे.

थकबाकी खरी तिची नव्हतीच. मुलगा ग्यूचोल धंदा बुडवून बायकोसकट दोन हिवाळे तिच्याकडे राहिला होता. बाहेर बर्फ, आणि ही दोघं घरात बिनबाह्यांच्या कपड्यांत! जमिनीखालच्या नळ्यांतलं पाणी गॅसवर तापवून जमीन इतकी गरम ठेवायची की खिडकी उघडावी लागायची. ग्यूचोलला नोकरी लागताच दोघं निघून गेली, बिल मात्र दक्सूनच्या नावावर राहिलं. गॅसच्या कचेरीतल्या बाईने हप्ते बांधून दिले, पण बजावलंही, "आजी, एक जरी चुकला तरी गॅस बंद होईल हं."

नवऱ्याच्या श्राद्धाला ग्यूचोल आला तो सोनेरी कापडात बांधलेली नाशपतींची पेटी मिरवतच. आल्या आल्या त्याने नाक दाबलं.

"शी! आई, पितरांना लसूण चालत नाही. या वासात बाबा घरात पाऊल तरी ठेवतील का?"

"जन्मभर लसूण खाल्ला त्यांनी. मेल्यावर नाकं मुरडायला लागले होय?"

"मोठे काका यायचेत. आणि जमीन केवढी गार ठेवलीयेस! त्यांना बसवायचं कुठे?"

दक्सूनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडाला कशाची म्हणून आठवण नव्हती.

श्राद्धाआधी अंघोळ हवी म्हणून ती गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात जाऊन आली. येऊन बघते तर सोललेल्या लसणाच्या पराती मागच्या अंगणात. ग्यूचोलने बाहेर नेऊन ठेवल्या होत्या. अंगणातला नळही गोठला होता, मग लसूण कसला टिकतोय! माल न्यायला आलेल्या लसूणवाल्याने एक पाकळी दाबून पाहिली आणि हात झटकला.

"मावशी, उद्या काळा पडेल हा. मी नाही घेणार."

उद्याच हप्त्याचा दिवस होता.

"हप्ता तू भर," ती ग्यूचोलला म्हणाली.

"महिनाअखेर आहे, आई. आणि पितरांच्या दिवशी पैशाचं काय घेऊन बसलीस? ही नाशपती कितीला पडली, ठाऊक आहे?"

"कितीला?"

त्याने अभिमानाने आकडा सांगितला. हप्ता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

दक्सूनने पेटी उचलली.

"आई! पितरांची आहे ती!"

दारातच थोरले दीर भेटले. "कुठे निघालीस, दक्सून?"

"गॅस भरायला, भावजी. तुम्ही बसा. कोट काढू नका."

फळवाल्याने आपल्याच दुकानातली पेटी ओळखली आणि लगेच भाव पाडला. दक्सून तिथेच उभी राहून भांडली. शेवटी तो वैतागला आणि त्याने नोटा काढल्या. बँकेतून हप्ता भरून ती घरी आली. नवऱ्याच्या फोटोपुढे तिने भात, सूप आणि पाणी ठेवलं. दिरांनी कोटासकट वाकून नमस्कार केला.

जेवणं झाल्यावर ग्यूचोल तिच्या कानाशी आला.

"आई, पेटीच्या पैशांतले काही उरले का गं?"

त्याचा तळहात पुढे झाला होता. स्वच्छ, मऊ तळहात. दक्सूनने दाराच्या आत काढलेले त्याचे बूट उचलले आणि दिरांच्या देखत बाहेरच्या पायरीवर, टोकं गल्लीकडे करून, नेऊन ठेवले.