महबूबाचा धरून ठेवलेला सूर

लसाद, हे समोरासमोर सांगायला घेतलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

तू बाब सुइका मोहल्ल्यातल्या, आमच्या शेजारच्या शिंप्याचा मुलगा. संगीतशाळेत व्हायोलिन शिकलास, मनगट मोडल्यावर ते सोडलंस आणि संगणकाला चिकटलास. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे, की म्हणे आवाज निघतो. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण तुझं ते जाळं मला वायरमनने अर्धवट सोडलेल्या भिंतीसारखंच दिसायचं.

माझी धाकटी बहीण महबूबा आयुष्यभर मालूफ, म्हणजे आपल्याकडचं जुनं शास्त्रीय गाणं, गायली. न्यूमोनियाने तिचा दम गेला आणि नातीच्या मेंदीला आपण गाणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं. मालूफमध्ये एकटा गाणारा मोकळा आलाप घेतो, तेव्हा बाकीचे खालून एकच सूर धरून ठेवतात. तिचे सूर धरणारे सोबती एकेक करून गेले होते. आता दर श्वासाला तिचं गाणं उघडं पडायचं.

"मावशी, तुमचाच सूर मी धरून ठेवतो," तू म्हणालास. तुझ्या त्या जाळ्यातला डिले म्हणजे आवाजाची नळी. एका टोकाने शिरलेला आवाज जरा वेळाने दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. ती गोठवायची, एवढंच.

महबूबाने सूर लावला, तू बटण दाबलंस आणि खोलीभर नुसती गुणगुण.

"हा माझा आवाज? अरे, हा तर तुझ्या आईचा फ्रिज!"

"मावशी, दोन मिनिटं द्या."

"घे की. मी कुठे पळतेय? पळायला दम लागतो."

तू अख्खी नळीच थांबवली होतीस. मग एकच इवलासा तुकडा वाजत राहणार, दुसरं काय होणार! हे कळायला तुझी दुपार गेली. मग तू फक्त नळीचं, आवाज आत घेणारं दार बंद केलंस आणि नळीचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलंस. सूर आतल्या आत फिरत राहिला.

तरी जमेना. गाता गाता ती जराशी चढायची, सूर मात्र जिथल्या तिथे.

"हट्टी आहे हा. माणसं माझ्याबरोबर चढायची."

"यंत्राला कसं कळणार, मावशी?"

"त्यांना तरी कुठे कळायचं? मी डावा हात उचलायचे."

मग तूही हात बघायला लागलास. हात वर गेला की दार उघडायचं, ताजा सूर आत घ्यायचा, दार बंद.

मेंदीला ती गायली. मध्येच थांबली, खोकली, पाणी प्यायली. खाली तिचाच सूर उभा होता. कुणी जागचं हललं नाही. तू घामाघूम, नजर तिच्या हातावर, पुढ्यातली बकलाव्याची मिठाई तशीच.

आता ती रविवारी पोरींना शिकवते, आणि त्यांना रागावण्यापुरता दमही आलाय. तिनेच सांगितलं, "टेस्तूर गावच्या शरीफाचंही गाणं दमापायी बंद पडलंय. बाई भांडखोर आहे, पण गाते चांगली. तिला हे ऐकवून या." आपण दोघांनी जायचं ठरलं. एकदा तुझी गाडी बिघडली, एकदा माझा गुडघा, नंतर नुसताच आळस. शरीफाचा निरोप येऊन गेला, कधी येताय म्हणून. टेस्तूरला आपण काही अजून गेलेलो नाही.