बिनचिपची चावी

माझा धाकटा दीर त्याच्या सासूला आई म्हणतो आणि मला वैनी म्हणतो. एवढं सांगितलं की माझं निम्मं दुखणं सांगून झालं.

लग्न होऊन मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आले, तेव्हा हा तिसरीत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, नापास झाला तेव्हा पुन्हा दहावीला बसवला तो मी, मुंबईला कामाला लागला तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या त्या मी. शेजारणी म्हणायच्या, "आता हीच तुझी आय रे." त्यावर हा म्हणायचा, "नाय, ही वैनी हाय." पोराला आपली आई आठवत असेल, आपण कशाला तिच्या जागेवर बसा, असं म्हणून मी कधी काही बोलले नाही. आणि लग्न झाल्यावर महिन्याभरात महाडच्या त्या बाईला हा सरळ आई म्हणायला लागला. दोनदा पुरणपोळी वाढली नि झाली आई. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच.

बाई वाईट नाही हो. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मलाच कजाग ठरवाल. निवृत्त शिक्षिका, महाडला स्वतःचा फ्लॅट, बोलणं पुस्तकातल्यासारखं, साडीला सुरकुती नाही. गाडीही स्वतः चालवते. अशा माणसाचा राग करायचा तर सुरुवात तरी कुठून करायची?

तिच्यापुढे मिरवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे दिराची गाडी. त्यानं जुनीच गाडी विकत घेतली, आणि मुंबईत ठेवायला जागा नाही म्हणून आमच्या अंगणात आणून लावली. नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून एका दिवाळीत शाळेच्या मैदानावर त्यानं मला चालवायला शिकवली. आमचे हे, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, स्टेअरिंगला हात लावायलाही घाबरतात. शिकवताना दीर माझ्यावर इतका ओरडला की मैदानात चरणारी गुरं उठून पलीकडे गेली. पण मी शिकले. तेव्हापासून तो गावी आला की वीर स्टेशनवर त्याला आणायला मीच जायचे. तिथले रिक्षावालेसुद्धा मला ओळखायला लागले. त्याची बायकोपोरं मागे बसायची आणि तो पुढे माझ्या शेजारी. मग घरापर्यंत "वैनी, गिअर टाक की", "वैनी, झोपलीस काय गो" चालायचं. वीर ते वाडी, तेवढा रस्ता तो माझा असायचा. घरी पोचला की मग काय, सगळ्यांचाच.

या शिमग्याच्या आधी त्याचा फोन आला. "वैनी, महाडला जाऊन गाडीची दुसरी चावी करून घे. एकच हाय, ती हरवली तर गाडी जाग्यावर बसंल."

"घेते करून."

"आन् गाडी तिकडं आईंकडंच लाव. नवी चावी पण त्यांनाच दे, जुनी तुझ्याकडं राहू दे. त्यांच्या बिल्डिंगला पार्किंग हाय, वीर पण जवळ. त्याच येतील आणायला. तू कशाला एवढ्या लांबून मरतेस?"

माझं डोकंच फिरलं. मी मरते की जगते ते माझं मी बघीन म्हटलं, तुला कधी सांगितलं मला त्रास होतो म्हणून? आजपर्यंत चाललं ते आता का चालत नाही? तो पण मग चढला. "सरळ सांगितलेलं तुला कळत नाय काय? दर गोष्टीत आडवी येतेस." फोन कट. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यांना सांगितलं पोट बिघडलंय. बिघडलं होतं ते पोट नव्हतं, पण पुरुषांना तेवढंच कळतं.

दोन दिवसांनी मी गाडी काढली आणि पोलादपूरवरून खाली महाडला गेले. बाजारात चावीवाल्याचं दुकान होतं. त्यानं गाडी बघितली, माझी चावी हातात फिरवली आणि म्हणाला, "ताई, हिला इमोबिलायझर आहे. नुसती चावी कापून नाही चालायचं. आत चिप असते, तांदळाच्या कणीएवढी. गाडी त्या चिपला ओळखते."

"मग घाला चिप."

"घालतो. पण नवी चिप गाडीला ओळखीची करून द्यायला तुमची जुनी चावी लागणार. आधी ती लावायची, मग नवी."

म्हणजे मीच माझ्या हातानं तिची ओळख करून द्यायची. आमच्याकडे म्हणतात, आपलेच दात नि आपलेच ओठ. मी विचारलं, "आणि चिप नाही घातली तर?"

"दार उघडेल. चावी फिरेल. गाडी चालू होणार नाही."

"मग चिप नको."

त्यानं माझ्याकडे वर मान करून बघितलं. "अहो, मग तिचा उपयोग काय?"

"दार उघडतं म्हणालात ना? तेवढं पुरे."

तो हसला, गाडी ज्याच्या नावावर त्याचा म्हणून दिराचा फोन नंबर वहीत लिहून घेतला आणि चावी कापायला बसला. मी दुकानाबाहेर उभी राहून मनात सगळं रंगवून घेतलं. गाडी तिच्या दारात, चावी तिच्या हातात, पण चालणारी चावी माझ्या पर्समध्ये. शिमग्याला ती ऐटीत गाडीत बसणार, गाडी ढिम्म हलणार नाही, आणि शेवटी मलाच फोन करावा लागणार. मी एसटीनं येणार आणि सगळ्या बिल्डिंगसमोर एका झटक्यात गाडी चालू करणार. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटलं.

तिच्या घरी गेले तर दारामागे भिंतीवर नवा कोरा हुक ठोकलेला. चावीसाठी. माझं अंग पुन्हा तापलं. तिनं कोकम सरबत दिलं, चावी हातात घेतली आणि लगेच चपला पायात सरकवल्या. "चला, एकदा चालू करून बघते."

"कशाला? आत्ताच तर घेऊन आले मी." पण तोवर ती जिना उतरायला लागली होती.

खाली ती स्टेअरिंगवर बसली, मी शेजारी. चावी फिरवली. समोर लाल दिवा लुकलुकायला लागला, गाडी गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तिसऱ्यांदा काही तिनं फिरवली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बघा, गाडीसुद्धा तुमचंच ऐकते."

मी पर्सची चेन उघडबंद करत राहिले.

"परवा ते तुमच्यावर ओरडले ना? मला फोनवर सांगत होते, वैनीला नको तेवढं बोललो म्हणून. खरं सांगू वहिनी, मला तुमचा हेवा वाटला."

मला वाटलं, बाई टोमणा मारतेय. पण तिचं तोंड तसं नव्हतं.

"एवढी वर्षं झाली, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्यांनी. मागच्या वेळी मी भाजीत मीठ घालायला विसरले. सगळी भाजी संपवली आणि म्हणाले, छान झालीय आई. सोफ्यावर बसतात ते टोकाला, पाहुण्यासारखे. गाडी इथं ठेवा असं मीच सुचवलं त्यांना. म्हटलं, वीरपासून वरपर्यंत शेजारी बसतील, तेवढं तरी मोकळं बोलतील काहीतरी."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जिच्यावर मी इतकी वर्षं जळले, ती बाई माझ्यावर जळत होती. जीव असा थंडावला की विचारू नका. आणि आनंदात माणूस उगीच उदार होतो, तसंच माझं झालं. पर्समधून माझी चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही घ्या. त्या दुसरीत चिप नाही. मीच घालू दिली नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

आता ती म्हणेल, राहू दे हो, तुमच्याकडेच असू दे, वीरला तुम्हीच जात जा. कुठलीही बाई म्हणाली असती. निदान एकदा तरी नको म्हणायची रीत असते की नाही? हिनं चावी घेतली, लावली, गाडी चालू झाली, आणि एखाद्या पोरीसारखी ती नुसतीच इंजिनचा आवाज ऐकत बसली. मला स्टँडवर सोडलं तेही त्याच गाडीनं. एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला आईमाईवरून शिव्या दिल्या. हातातलं देऊन बसले ना, कुणी मागितलं होतं का?

शिमग्याला वीरला तीच गेली. मी अंगणात उभी होते. गाडी वर आली, दारं उघडली, पोरं धावत आत गेली. दीर उतरला, मागची बॅग काढली आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला उगीच त्रास दिला, आई." ती म्हणाली, त्रास कसला. तिचं हसू मी बघितलं. तसं हसू मी कित्येक वेळा आरशात बघितलंय.

मग तो माझ्याकडे आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "वैनी, डोकं ठिकाणावर हाय काय गो तुझं? बिनचिपची चावी कोण करतं? त्या दुकानवाल्यानं मला फोन करून विचारलं, तुमच्या घरच्यांना चिप खरंच नको होती काय म्हणून. आता पुन्हा तिकडं जायचं, पुन्हा गाडी दाखवायची. लहान हायस काय तू?" आजूबाजूच्या घरांतली माणसं ओट्यावर आली. तो थांबायचं नाव घेईना. आणि ती गाडीपाशी तशीच उभी होती, चावी हातात धरून, त्याचा एकेक शब्द कान देऊन ऐकत.

ते मात्र मला सोसलं नाही. चावी दिली, गाडी दिली, वीरचा रस्ता दिला. एवढं मी वाटून घेणार नव्हते. मी त्याचा दंड धरला आणि ओढत घरात नेलं. "काय ओरडायचंय ते ओरड," मी म्हटलं, "पण आत येऊन ओरड." आणि दार लावून घेतलं.