निंबाच्या झाडाला इंग्रजी शिकवणारे नाना

धुळ्याच्या आमच्या घरी नाना मागल्या दारी खाटेवर बसून निंबाच्या झाडाला इंग्रजी कोडी घालत. "सांग रे निंबा, एम आणि टी या अक्षरांनी संपणारा शब्द कोणता?" शेजारी हसत. झाडाखाली मी शेंगा फोडत बसलेली असे. कोडं मला असे, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

नाना माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे. पारोळ्याला इंग्रजीचे मास्तर होते. बायको गेली, नोकरी संपली, तसे बहिणीकडे राहायला आले. सुनेनं त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. म्हणून ते झाडाशी बोलत आणि मी सुपात शेंगदाण्यांची अक्षरं मांडून उत्तर देई. ती अक्षरंही त्यांनीच ओट्यावर खडूनं काढून शिकवली. "तोंडावरून शब्द कोणीही ओळखेल रे निंबा," ते म्हणत, "शेपटीवरून ओळखेल तो खरा." ड्रेम्ट, म्हणजे 'स्वप्न पाहिलं', हा शब्द मला सापडला, तेव्हा त्यांनी झाडाच्या बुंध्यावर शाबासकीची थाप मारली होती. मला आजही ती पाठीवर वाटते.

माझी शाळा चौथीत सुटली. सातवीची परीक्षा बाहेरून द्यावी, असं फार मनात होतं. तेही मी त्यांना सुपातूनच कळवलं. त्यांनी वाकून सूप वाचलं. मग म्हणाले, "अक्काला मी सांगेन. तू काळजी करू नको." त्या दिवशी निंबाचं नाव घ्यायला विसरले.

हिवाळ्यात भरिताच्या पंगतीला जळगावचे पाहुणे आले. एकानं नानांना डिवचलं, "काय मास्तर, आता झाडंच राहिली का शिकवायला?" नानांना ते लागलं. त्यांनी मला सूप घेऊन बाहेर बोलावलं. "जी-आर-वायनं संपणारे दोन शब्द मांड." पदर पुढे ओढून मी मांडले, हंग्री आणि अँग्री. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई मात्र जागच्या उठल्या. "मना पोऱ्या इंग्रजीमा दोन डाव नापास व्हयना, आनि हाई सूपमा इंग्रजी मांडस! कोनी शिकाडं वं तुले?"

मी नानांकडे पाहिलं. परीक्षेचं बोलायला याहून चांगली वेळ येणार नव्हती.

"मी कुठं, अक्का?" नाना हसले. "कानावर पडून पाठ झालं असेल. पोपट नाही का बोलत?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं ते दोनदा नापास झालेले माझे यजमान.

दुसऱ्या दिवसापासून माझं मागल्या दारी बसणं बंद झालं. नाना एकदा चुलीपाशी आले, कोणी नाही असं पाहून. "राग धरू नको, पोरी. मी अक्काच्या घरात जेवतो. तिच्यासमोर दुसरं काय बोलणार होतो?"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तव्यावरची भाकरी उलटली आणि मी म्हणाले, "'मी शिकवलं' म्हणायचं होतं, नाना."

माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मी भाकरी ताटात वाढली आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.




परीक्षा राहिली ती राहिलीच.