परमुलखातला जोगवा

देवीनं मला परमुलखात सांभाळलं, हे मी आजवर अनेकांना सांगितलं. पण अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगायला जीभ रेटत नव्हती. आता पन्नाशी उलटली. त्या कृपेला मी लायक होतो का, हा संशय मनातून जात नाही, म्हणून सगळंच लिहितो.

आमचं घर तुळजापूरचं, वडील शाळामास्तर. लहानपणी मी विषमज्वरात पडलो तेव्हा आईनं भवानीला नवस केला होता, पोरगं वाचलं तर दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागीन. मी वाचलो. तेव्हापासून गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन मास्तरांची बायको दारोदार पीठमीठ मागायची. माझ्यासाठीच मागायची, आणि मला तिची लाज वाटायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. एका संस्थेनं मला वर्षभर जर्मनीतल्या शाळेत शिकायला निवडलं. निघताना आई म्हणाली, "तिकडं मंगळवारी एका तरी दारी हात पसर, बाळा."

"भिकारी म्हणून धरून नेतील मला!"

"नेऊ दे की. तुरुंगात का असंना, जेवायला तर घालतील."

तिथं मी एका सुताराच्या घरी राहिलो. त्यांची भाषा मला ठाऊक नव्हती, माझं मोडकं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. पहिल्याच जेवणात सुताराच्या घरच्या बाईंनी खुणेनं विचारलं, आणखी वाढू? आपल्या रीतीप्रमाणे मी ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडं पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं असतं आणि यजमानानं तिसऱ्यांदा वाढायचंच असतं. बाईंनी भांडं उचललं आणि आत नेलं. मी आग्रहाची वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आपण होऊन मागायचं कसं? तीन आठवडे मी अर्धपोटी काढले. शाळेत फळ्यावरची अक्षरं नाचायला लागली, तरी मागितलं नाही.

त्याच दिवसांत बाईंनी घरचा फोटो बघायला मागितला. फोटो मंगळवारी काढलेला. आईच्या गळ्यात कवड्या, हातात परडी. शेजारी जरीकाठी लुगड्यातली काकू. यातली आई कोणती, असं बाईंनी खुणेनं विचारलं. मी काकूवर बोट ठेवलं.

भाषा येत नव्हती हे खरं. पण त्या प्रश्नाला भाषा लागतच नव्हती.

पुढं दोनच दिवसांनी मी वर्गात कोसळलो. सुतारानं पाठीवर घालून घरी आणलं. बाईंनी वाटीभर गरम सार पाजलं आणि वाटी न्यायला हात पुढं केला. माझं सगळं अवसान गळालं. दोन्ही हातांनी वाटी धरून मी त्यांच्यापुढं केली. तोंडातून मराठीतच निघालं, "जोगवा वाढा, आई." त्यांनी वाटी भरली. मी संपवली, पुन्हा पुढं केली. चौथ्या वाटीला त्यांना सगळं उमगलं. तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून त्या रडल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही, सरळ वाढलं.

तो मंगळवार होता. पंधरवड्यानं वडिलांचं पत्र आलं, माझ्या आजाराच्या आधी लिहिलेलं. 'तुझी आई हल्ली पाचाऐवजी सहा दारी जाते. विचारलं तर म्हणते, पोरगं उपाशी हाय तिकडं, त्याच्या वाटचं मीच मागते.' उपासमारीचं मी घरी एक अक्षर कळवलं नव्हतं. याचा अर्थ मी लावत बसत नाही. घडलं तसं सांगतो.

परत आलो तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "मागितलंस का रं तिकडं?"

"व्हय."

तिनं गल्लीभर सांगितलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मग काय पडलं ओ पदरात? विलायती पीठ?" सगळ्या हसल्या, मीही हसलो. त्या फोटोचं तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू, म्हटलं. आई त्यानंतर सहा वर्षं होती. रोज तिच्या हातचं जेवलो आणि रोज उद्यावर ढकललं.

भक्तीनं नव्हे, भुकेनं मी हात पसरला, तरी भवानीनं तो रिकामा ठेवला नाही. त्या माउलीचे उपकार फिटायचे नाहीत. शरण जाणं म्हणजे आपलं उणं दुसऱ्यापुढं मान्य करणं, एवढंच मला समजलं. परक्या बाईपुढं ते मला जमलं. जिनं ऐकून नुसतं "असू दे" म्हटलं असतं, तिच्यापुढं जमलं नाही.