झाकणाखालचे चार

माझ्या हातून प्रोग्रॅममधली एक ओळ राहून गेली आणि पुढचे अकरा महिने मला धड घास गोड लागला नाही.

तेव्हा मी बडोद्यात पीएचडी करत होते. युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळवत आणि त्या टकरींची माहिती आमच्यासारखे जगभरचे लोक आपापल्या गावी बसून चाळत. आमच्या गटाला हवा होता एक जड, आळशी कण. बाकीचे कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने यंत्राच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतात. हा काही अब्जांश सेकंद उशिरा पोचणार होता. म्हणजे, असला तर. आमच्या बाबांना मात्र त्यात शंका नव्हती. निवृत्त शिक्षक ते. आमच्या भागाला, अर्ध्या दांडिया बाजाराला, त्यांनी कण सापडतोच आहे असं सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच विचारायचे, "काय ताई, मळ्यो का, सापडला का तुझा कण?"

या कामाचं एक सोवळं असतं. उशिरा आलेल्या कणांची माहिती आधी बघायची नाही. ती झाकून ठेवायची, उरलेल्या माहितीवरून नियम ठरवायचे, किती उशीर झाला की त्याला उशीर म्हणायचं ते लिहून सगळ्या गटाकडून मान्य करून घ्यायचं, आणि मगच झाकण काढायचं. माणसाची जात आशाळभूत. आधी दिसलं की तो नियम वाकवतो आणि वाकवला हे त्याला कळतही नाही.

झाकण म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ. एका दुपारी वीज गेली, फाइल खराब झाली, मी जुन्या प्रतीवरून ती पुन्हा लिहून काढली आणि नेमकी तीच ओळ राहिली. आलेखात जिथे कायम कोरी जागा असायची तिथे चार ठिपके होते, म्हणजे उशिरा आलेले चार कण. एकही असेल अशी अपेक्षा नव्हती.

मी पडद्यावर तळहात ठेवला. खोलीत कुणी नव्हतं, तरी ठेवला. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग कळलं, बघायला नको होतं ते मी पाहिलं होतं.

चुकून दिसलं तर लगेच सांगायचं, असा नियम. मी तीन दिवस सांगितलं नाही. सांगितलं की काम हातातून जाणार, चार वर्षांवर पाणी, आणि वर लोक म्हणणार की हिने मुद्दामच पाहिलं. त्याच तीन दिवसांत मला उशिराची मर्यादा सुचवायची होती. दोन पर्याय होते, एक कडक आणि एक सैल. माझे चारही ठिपके त्या दोन्हींच्या मधे. सैल लावली तर चारही आत, कडक लावली तर चारही बाहेर. मी सैल मर्यादेच्या बाजूने एक पानभर टिपण लिहिलं, तीन कारणं देऊन.

माझ्या मार्गदर्शक सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "सरस लिहिलंयस. पाठवून दे."

मी म्हणाले, "सर, झाकण निघालं होतं. मी पाहिलंय."

सर खुर्चीत बसले. मी पुढे बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "किती, कुठे, काही सांगू नकोस. मला सांगितलंस तर मीही बाटलो. ते कुणालाच सांगायचं नाही. पाहिलंस, एवढंच उद्या गटाला सांग."

दुसऱ्या दिवशी फोनवरच्या बैठकीत मी सगळ्या गटासमोर कबुली दिली. कुणी रागावलं नाही, उलट सगळ्यांनी आभार मानले. त्या सभ्यपणाने मी जास्तच घाबरले. मर्यादा ठरवायचं काम दुसऱ्या देशातल्या मंडळींकडे गेलं, माझं टिपण बाद झालं, आणि तो आकडा माझ्यापाशी राहिला. बोललेलं पाप हलकं होतं म्हणतात. माझं अर्धंच बोलून झालं होतं. फळवाल्याकडे चार केळी मागताना जीभ अडखळायची, मग मी सहा घेऊन यायची. बाबा विचारत तेव्हा "नाही" म्हणायची, आणि ते म्हणत, "मग तोंड का एवढंसं झालंय?" कण खरा असेल तर मी तो विटाळला, याची भीती वाटे. खोटा असेल तर काय, हे मला विचारायचंच नव्हतं.

अकरा महिन्यांनी सरांच्या खोलीत, दुपारच्या चहाच्या वेळी, फोनवर झाकण निघालं. त्या परदेशातल्या मंडळींनी कडक मर्यादा निवडली होती. आत काहीही नव्हतं. मग मला माझे चार सांगायची परवानगी मिळाली. आठवड्याभरात उत्तर आलं: चारही बाहेरच्या भिंतीतल्या, कण टिपणाऱ्या एकाच पट्टीतून, एकाच दिवशी आलेले. त्या दिवशी काही तास त्या पट्टीचं घड्याळ चुकत होतं, म्हणून ते उशिरा आल्यासारखे दिसले.

"सुटलीस," सर म्हणाले.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस ने." त्यानंतर त्यांनी कणाचं कधी विचारलं नाही.

माझी पदवी वर्षभर उशिरा आली. ती हातात पडल्यावर मी ते बाद टिपण काढून वाचलं. लबाडी नेमकी कुठल्या वाक्यात केली ते मला बघायचं होतं. पहिलं कारण बरोबर होतं. दुसरं बरोबर होतं. तिसरं तर आज मी स्वतः वर्गात शिकवते. ते चार ठिपके दिसले नसते तरी मी हेच लिहिलं असतं का, हे त्या पानावरून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही येत नाही, आणि त्या पानाला मी अजून भिते.