मधुदादांचा प्रायमर

हे मी आजपर्यंत क्लबात कुणापुढे बोललेलो नाही. घरी बायकोला नाही, चाकणला भाऊबंदांत नाही, कंपनीत शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं रंग मारणाऱ्या दोस्तांनाही नाही. ज्याला सांगायलाच हवं होतं त्या एका माणसाला सांगितलं — तेही सहा वर्षं उशिरा. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? नव्यानं स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या गाडी-विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती, बनवायला बसलेला कुणीतरी माणूस, हातात कटर, समोर किटचा डबा. म्हणजे माझाच भाऊ की.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, रडगाणं नाहीये हे. यात एक माणूस जिंकलाय, आणि असा जिंकलाय की त्याचं नाव काढलं तरी माझी छाती फुगते. फक्त तो माणूस मी नाही.

झालं असं, की आमच्या क्लबानं नव्या लोकांसाठी छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. क्लब म्हणजे काय, आम्ही पंधरा-वीस जण पिंपळे गुरवच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, दर गुरुवारी, कारण निम्म्यांची कंपनीची सुट्टी गुरुवारीच. "रंगाचं पान बाळूभाऊ लिहिणार," सगळे एका सुरात. का? तर मी चाकणला गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात. क्लबात मला पेंटमास्टर म्हणतात. ऐकायला गोड लागतं, खोटं कशाला बोलू?

बसलो लिहायला. किटमधला तुकडा ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेला येतो तिच्यापासून एका घावात तोडू नका, आधी लांबून कापा, मग उरलेलं बोंड ब्लेडनं हळूहळू तासा. चिकटवण्याआधी कोरडंच जोडून बघा. फट असेल तर आत्ताच दिसू दे. प्रत्येक तुकडा भांड्याच्या साबणानं, जुन्या टूथब्रशनं धुवा — साच्यातून सुटावा म्हणून त्याला तेलकट काहीतरी लावलेलं असतं, ते राहिलं तर वरचं काहीच धरत नाही. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, पातळ मारा. रंगाचे तीन-चार हलके हात द्या, मध्ये वाळू द्या, कुठं गाडी पकडायचीय? इथपर्यंत पेन झरझर चाललं. पुढची टिप आली — नवा रंग, तो पातळ करायचा नवा थिनर आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा, मगच मॉडेलवर. तिथं पेन अडलं. दोन गुरुवार अडून राहिलं, आणि शेवटी त्या पानावर हेच लिहायला घेतलं.

कारण ही टिप माझी नाही. यातली एकही माझी नाही, सगळं मधुदादांनी शिकवलेलं. आणि चमच्याचं तर — पण थांबा. आधी मधुदादा कोण ते सांगतो.

मधुदादा कासारवाडीला राहतात. सगळी नोकरी कारखान्याचे साचे घडवणाऱ्या टूलरूमला गेली. केसाएवढा फरक बोट फिरवून सांगणारा माणूस! रिटायर झाल्यावर मॉडेलच्या नादाला लागले, आणि मलाही त्यांनीच लावलं. त्यांच्या मुलीनं परदेशातून एका जुन्या काळच्या उघड्या मोटारीचा मोठा किट आणून दिला होता. हातभर लांब गाडी, लांबलचक बॉनेट, तारांची चाकं. त्या चाकातली एकेक तार दादांनी चिमट्यानं ओवली. दारांना बिजागऱ्या, उघडझाप होणाऱ्या. इंजिनाला वायरी. दीड वर्ष हे चाललं, आणि आम्ही गुरुवारी जाऊन नुसते बघत बसायचो.

राहिला होता फक्त बॉडीचा रंग. गडद मरून, वर आरशासारखी चकाकी. दादांनी सगळे तुकडे धुऊन, प्रायमर मारून ती बॉडी माझ्या हातात दिली. म्हणाले, "बाळू, चकाकी तुझ्या हातची पाहिजे. पण आधी चमच्यावर बघ हां."

राव, मला हसू आलं! मी दिवसभर काय रंगवतो? बंपर. बंपर कशाचा? प्लास्टिकचा. आणि मला प्लास्टिक शिकवता? मनात म्हटलं, दादा, तुम्ही तुमची टूलरूम सांभाळा.

ही मस्ती नडली. बंपरचं प्लास्टिक वेगळं, चिवट, ते गाडीचा कडक थिनर पचवतं. किटचं प्लास्टिक त्याच थिनरनं विरघळतं. मला हे माहीत नव्हतं का? खरं सांगू? ऐकलेलं होतं. दादांनीच दोनदा सांगितलं होतं. तरी भोसरीच्या दुकानातून मी तोच आणला, रोजच्या सवयीचा. आणि दुपारी गच्चीवर गाडीला मारतात तसा ओला, भरगच्च हात मारला. चमचे घरात ढीगभर होते.

पहिलं मिनिटभर काय दिसली म्हणून सांगू! मी स्वतःवरच खूश. मग मडगार्डवर एक सुरकुती आली. बारीक. म्हटलं, धूळ असेल. मग दुसरी — आणि मग दुधावर साय धरते तशी सगळी बॉडी आकसत गेली. दाराची कड वाकली. बॉनेटवरच्या नाजूक झडपा बुजून गेल्या. शेजारणीच्या साड्या दोरीवर वाळत होत्या आणि मी हातात स्प्रे गन धरून तसाच उभा.

आता नीट ऐका. इथवर झाली ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते; चार शिव्या खायच्या, कान धरायचे आणि मोकळं व्हायचं. मी काय केलं?

मी कासारवाडीला गेलो. बॉडी ठेवलेला डबा उघडला. आणि दादांनी तोंड उघडायच्या आत म्हणालो, "दादा, प्रायमर खालून सुटला. पार्ट नीट धुतले नव्हते वाटतं तुम्ही."

बघा ना, केवढंसं वाक्य. घाबरून तोंडातून निसटलं म्हणावं, तर तसंही नाही. नाशिक फाट्याच्या पुलावरून येताना घोकलं होतं मी ते, दोन-तीनदा, आवाज नीट लागतो का बघत.

दादांनी भांडायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं माझी गचांडी धरली असती. पण पेंट शॉपचा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. तो वाकडा मडगार्ड त्यांनी हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "धुतलं होतं असं आठवतंय मला. पण नसेल. वय झालं आता." आणि मी — मी मान हलवली. हो, मान हलवली मी!

त्यानंतर ते क्लबात यायचे बंद झाले. कटर, चिमटे, ब्रश, सगळं वाटून टाकलं. बारीक फवाऱ्यानं रंग मारायचा त्यांचा एअरब्रश मला दिला. मला! आणि मी घेतला. त्याच एअरब्रशवर पुढं वाहवा मिळवली, पेंटमास्टर झालो तो त्याच्याच जोरावर. किती निगरगट्ट असावं माणसानं?

मला वाटायचं, एक मॉडेल गेलं, एवढंच ना. दुसरं करतील. छे! माझं ते वाक्य त्या घरात काय करत बसलं होतं, हे मला मागच्या वर्षी दिसलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवलेला, कुसुमवहिनींच्या — म्हणजे दादांच्या बायकोच्या — अक्षरात. गॅस बंद केला का. नळ बंद केला का. कडी लावली का. दादांच्या स्कूटरची किल्ली वहिनींच्या कमरेला. मी विचारलं, "हे काय वहिनी?" तर हळू आवाजात म्हणाल्या, "गाडीचं ते झालं ना भाऊजी, तेव्हापासून त्यांचा स्वतःवर भरवसाच नाही. विसरत काहीच नाहीत हो. पण तीन-तीनदा उठून गॅस बघतात. स्कूटर चालवायला घाबरतात."

सहा वर्षं! एका धडधाकट माणसाला मी सहा वर्षं स्वतःच्याच डोक्याला घाबरायला लावलं होतं. तेवढ्यात दादा बाहेर आले, तिळगूळ तोंडात टाकला आणि काल घडल्यासारखं विचारलं, "बाळू, मी खरंच धुतलं नव्हतं का रे?"

अजून एकदा मान हलवता आली असती. सोपं होतं. जिभेवर आलंही होतं, शप्पथ. पण समोर तो कागद होता. आणि माझ्या तोंडून आमच्या गावच्या बोलीतच बाहेर पडलं, "धुतलं व्हतं दादा. तुमचं काय बी चुकलं न्हाई. मीच खोटं बोललो."

कंपन्यांत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, दोषाच्या मुळापर्यंत जायला. दादांनी तेच सुरू केलं. खुर्ची ओढली, चष्मा चढवला. आवाज जराही चढला नाही. बॉडी का आकसली? थिनर कडक होता. कडक का घेतला? सवयीचा होता. चमच्यावर का नाही पाहिलास? तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असं वाटलं. मग सांगितलं का नाहीस? लाज वाटली, दादा. लाज एक दिवस वाटते — सहा वर्षं का गप्प बसलास?

तो पाचवा 'का' आला आणि मी गाल पुढं केला.

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसायलाच पाहिजे होती. पण दादा माझ्याकडे बघतच नव्हते. ते ताडकन उठले, त्या वयात, आणि आत बघून ओरडले, "अगं कुसुम! ऐकलंस का? मी धुतलं होतं! प्रायमर बरोबर होता! माझा प्रायमर बरोबर होता गं!"

काय तो आवाज! वहिनी पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या. दादा टेबलावर थापा मारत होते, हसत होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेजारचे डोकावले तर त्यांनाही तेच — "अहो, प्रायमर बरोबर होता!" त्या बिचाऱ्यांना प्रायमर म्हणजे काय हेही ठाऊक नसेल, तरी दादांना बघून तेही हसायला लागले. वहिनींनी दारावरचा कागद ओढून काढला आणि कमरेची किल्ली दादांच्या हातात दिली. असा विजय मी कुठल्या मैदानात पाहिलेला नाही. माझ्या नाकावर टिच्चून मिळवलेला होता तो, आणि माझ्याच अंगावर काटा आला होता.

मग ते माझ्याकडे वळले. "एअरब्रश आणून दे. उद्या. आणि परत या घरात येऊ नकोस."

दिला. परत गेलो नाही.

पुढच्याच महिन्यात दादा क्लबात हजर — स्कूटरवर! मुलीनं तोच किट पुन्हा शोधून पाठवला होता. पहिल्या गाडीला दीड वर्ष लागलं होतं, ही त्यांनी वर्षाच्या आत संपवली. माझं नाव त्यांनी कुणाजवळ घेतलं नाही. का घेतलं नाही, मला माहीत नाही.

वाकडच्या एका मॉलमध्ये आमचं प्रदर्शन आणि स्पर्धा भरली तेव्हा मी लोकांच्या मागं उभा राहून ती गाडी पाहिली. गडद मरून. वरच्या दिव्यांच्या नळ्या बॉनेटवर अगदी सरळ उमटलेल्या, कुठं लाट नाही. रंगातला दोष हुडकणं हा माझा रोजचा धंदा आहे. मी हुडकला, वाकून हुडकला, दोन्ही बाजूंनी हुडकला. नव्हता! एकानं विचारलं, "काका, रंग कुठल्या पेंट शॉपमधून करून घेतला?" दादांनी मला पाहिलं होतं. माझ्याकडे बघतच म्हणाले, "मीच मारला. आता दुसऱ्याच्या हातात देत नाही."

पहिला नंबर त्यांचा आला. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात माझ्या. माझंही एक मॉडेल त्याच टेबलाच्या टोकाला होतं, तिकडं कुणी फिरकलंसुद्धा नाही. हरून इतकं मस्त मला कधी वाटलं नव्हतं.

दादा माझ्याशी अजून बोलत नाहीत. गुरुवारी हॉलमध्ये ते एका टोकाला, मी दुसऱ्या. त्यांच्याभोवती सगळ्यांचा गराडा असतो आणि त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येतो, खणखणीत. हा आवाज सहा वर्षं बंद होता. तो मी बंद पाडला होता — चुकून नाही, समजून-उमजून.