बेटावरची ओटी

ग्रीसमधलं एक शांत गाव बघायला महाडहून निघायचं, हा शहाणपणा माझ्या मुलाला सुचला. तो जहाजावर इंजिनिअर. दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात त्याचं जहाज तिकडच्या एका बेटावर दुरुस्तीला लागलं, तर यानं जवळच्या गावात खोल्या घेतल्या आणि तिघांची तिकिटं पाठवली. मी, त्याची आई आणि माझी थोरली बहीण अक्का. अक्का येणार नसेल तर तुम्हीही येऊ नका, असं वर फोनवर बजावलं.

अक्काला पोलादपूरजवळच्या कापडे गावात दिली होती. ऐन तिशीत विधवा होऊन ती आमच्याकडे आली, पण बोली कापड्याचीच राहिली. आम्ही नवराबायको दोघंही शाळेत शिकवायला, त्यामुळे पोरगं तिच्याच मांडीवर वाढलं. तरी मी म्हणालोच, तिला काय कळणार तिथलं. मला कळणार होतं, कारण मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवत होतो.

गाव म्हणजे चुना फासलेली वीसेक घरं, एक चर्च, दोन खाणावळी आणि दुपारभर घोरणारी माणसं. एवढीच शांतता हवी असेल तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायच्या आधी कुठल्याही वाडीवर उतरावं. तिथे तर एसटीसुद्धा आवाज करायला येत नाही. किनाऱ्यावर गोरी माणसं बोंबील वाळत घातल्यासारखी पडलेली. माझी बायको तोंडाला पदर लावून त्यांच्याकडे पाठ करायची आणि दर पाच मिनिटांनी वळून बघायची.

अवशेष टेकडीवर होते. देवळाचे साडेतीन खांब, आणि ते बघायला तिकीट. आमच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत फुकट जाता येतं, म्हणून महाडचं कुणी जात नाही. याच खांबांची थोरवी मी वर्गात डोळे मिटून सांगत आलो होतो. प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो, कारण देऊळ आहे म्हणून बायकोनं सगळ्यांना चपला खालीच काढायला लावल्या होत्या आणि दगड तव्यासारखे तापले होते. एका परदेशी जोडप्यानं खांब सोडून आमचेच फोटो काढले.

घरमालकीण साठीची. काळा झगा, काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल. बाईला दुसरा रंग ठाऊक नाही का, म्हणून बायको रोज सकाळी नाक मुरडायची. मालकीणबाईंची गट्टी जमली ती अक्काशी. दोघी अंगणात शेंगा सोलत बसायच्या. ही कापड्याचं मराठी बोलायची, ती तिचं ग्रीक, आणि आपल्याला सगळं समजतंय अशा थाटात दोघी माना डोलवायच्या. मला हसू यायचं. दोन अडाणी बायका, दुसरं काय.

निघायच्या दिवशी बायकोनं पिशवीतून खण काढला. ज्या घरात आठ दिवस जेवलो तिथल्या बाईची ओटी भरल्याशिवाय कसं निघायचं? तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी, सगळं तिनं महाडहून आणलं होतं. ताट तयार झाल्याबरोबर अक्का उठून दाराबाहेर गेली. महाडला आमच्याकडे हळदीकुंकू असलं की ती आत पन्नास जणींचं दूध ढवळते, बाहेर येत नाही. येऊ नको असं तिला कुणी म्हटलेलं नाही. ये असंही कुणी म्हटलेलं नाही.

मुलानं मालकीणबाईंना समजावलं तसा त्यांनी हौसेनं दोन्ही हातांनी झग्याचा ओचा पसरला. बायकोनं बोटावर कुंकू घेतलं. तेवढ्यात मुलगा सहज म्हणाला, "आई, यांचा नवरा समुद्रात गेला. इकडे विधवा जन्मभर काळंच घालतात."

बायकोचं बोट हवेतच थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमतात, तेव्हा शाळेत समतेवरचं भाषण माझं असतं, आणि ते चांगलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. बायकोनं बोट पदराला पुसलं आणि ताट मागे घेतलं. मालकीणबाई ओचा धरून तशाच उभ्या, हसू तोंडावर, काय चुकलं ते कळत नाही.

अक्का दारातून आत आली. तिनं बायकोच्या हातातलं ताट काढून घेतलं, ओंजळीनं तांदूळ त्या काळ्या ओच्यात घातले, त्यावर खण ठेवला, हळकुंड, सुपारी ठेवली आणि नमस्कार केला. कुंकवाला तिनं हात लावला नाही. मालकीणबाईंना वाटलं असावं, ते आपण लावायचं राहिलं. त्यांनी एका हातानं ओचा सावरला, अंगठा डबीत बुडवला आणि अक्काच्या कपाळावर टेकवला. चांगला रुपयाएवढा टिळा उमटला.

बॅगा घेऊन आम्ही रस्त्यावर आलो. अक्काचा हात एकदाही कपाळाकडे गेला नाही.

"अक्का, पूस ते," मी म्हणालो. "लोक बघतील."

रस्त्यावर एक मांजर होतं.

अक्का थांबली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नेहमीच्याच आवाजात बोलली.

"तूच पूस रे. त्या दिवशी पन ओला रुमाल तूच आणून दिला व्हतास."

दिला होता. कापड्याच्या घरी ओटीवर बायका तिला धरून बसल्या होत्या, कुणीतरी पाणी मागितलं, आणि मी माझाच रुमाल भिजवून आत दिला होता. तेव्हा मी बी.एड. करत होतो.

आताही खिशात रुमाल होता. मी तो चाचपला आणि हात तसाच खिशात ठेवून बोटीपर्यंत चालत गेलो.